माळावरचं भवन

आमचं गाव खटावच्या दुष्काळी पट्ट्यातलं. पाहुण्याला नेऊन दाखवावं असं गावात काही नाही. आहे तो एक माळ. पाचसहा एकरांचा असेल. एका अंगाला भैरवनाथाचं देऊळ आणि देवळासमोर लिंबाचा पार. दुसऱ्या अंगाला फाट्यावरून येणारा डांबरी रस्ता. तिसऱ्या अंगाला ओढा. ओढ्याच्या अलीकडं कुस्त्यांचा आखाडा, पलीकडं बौद्धवस्ती. चौथ्या अंगाला माळ चढत चढत गायरानात जातो आणि गायरान डोंगरात, ते कुठं ते सांगता येत नाही.

या माळावर काय व्हायचं यापेक्षा काय व्हायचं नाही हे सांगणं सोपं. मंगळवारचा बाजार इथं. सुगीत ज्यांना रानात खळं करायला जागा नसायची त्यांची खळी इथं. लग्नाच्या पंगती इथं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायचं काम निघालं ते इथंच. आई आणि मी शेजारी बसून खडी फोडलेली आहे, आणि सुकडीची चव अजून जिभेवर आहे. आता पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं इथं चकरा मारतात. दिवाळीनंतर कोकणाकडं जाणारे मेंढके आणि जेठाच्या तोंडाला परतणारे मेंढके ओढ्याकडच्या अंगाला दोनचार रात्री वाडा टाकतात. आणि चैत्रात भैरवनाथाची जत्रा: पहिल्या दिवशी छबिना, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या आणि रात्री तमाशा.

२०१५ साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. त्याच हिवाळ्यात सरपंचबाईंचा निरोप आला, "गुरुजी, भवनाचं मंजूर झालंय. जागा ठरवायला तुम्ही पायजे." भवन म्हणजे सांस्कृतिक भवन. साठ बाय चाळीसचा हॉल, एका टोकाला स्टेज, स्टेजमागं दोन खोल्या. पैसा मार्चअखेर कामावर पडला पाहिजे, नाहीतर परत जाणार. आपल्याकडं गावाच्या पन्नास वर्षांच्या गोष्टी अशाच मार्चच्या धाकानं ठरतात.

जागा माळावरच, याबद्दल वाद नव्हता. गावाला दुसरी जागाच नाही. माळावर कुठं, एवढाच प्रश्न. गायरानाकडच्या तुकड्याला हात लावायचा नाही, हे ग्रामसेवकांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल आणि त्यामागोमाग १२ जुलै २०११ चा शासन निर्णय त्यांना तोंडपाठ होता. गावाच्या सामाईक जमिनीवर हात टाकायचे दिवस गेले म्हणाले. उरल्या तीन जागा. देवळासमोर पाराला लागून एक. रस्त्यालगत एक, तिथं हॉलच्या तोंडाला चार गाळे काढता येतील असं फाट्यावरच्या दुकानदारांचं म्हणणं. आणि ओढ्याकडच्या अंगाला, आखाड्याजवळ, एक. ही तिसरी जागा कुणाच्या मनात नव्हती. यादीत तीन असाव्यात म्हणून लिहिलेली होती.

माझ्या मनात खरं तर चौथीच जागा होती: कुठंच नाही. माळ मोकळा ठेवावा. शहरात राहिलेल्या माणसाला मोकळ्या जागेचं जरा जास्तच कौतुक असतं, तसं ते होतं. पण नुसतं कौतुक नव्हतं. मला वाटायचं, मोकळी जागा कुणाला काही विचारत नाही. बाजारवाल्याला, मेंढक्याला, पोराला, कुत्र्याला. भिंत बांधली की भिंतीला आत आणि बाहेर असतं. मग आत कोण आणि बाहेर कोण, हे आलंच. माळाला आत-बाहेर नाही म्हणून तो सगळ्यांचा. हा विचार मला फार पटलेला होता आणि ग्रामसभेत असंच बोलायचं म्हणून मी कागदावर मुद्देही काढले होते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती बऱ्याच गावांत रजिस्टरमध्येच होते. आमच्या सरपंचबाईंनी खरोखरच घेतली. शाळेच्या व्हरांड्यात चाळीसेक बाया जमल्या. जागेची माहिती सांगायला मला बोलावलं होतं. मी माहिती सांगितली आणि शेवटी माझं मतही घातलं. माळ मोकळा आहे तोच बरा, तो सगळ्यांचा आहे, वगैरे.

आमच्या भावकीतली एक म्हातारी, मी तिला काकी म्हणतो, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बाळ, माळ सगळ्यांचा कवा हुता रं?"

मी म्हणालो, "म्हणजे, काकी?"

"म्हंजी मी या गावात लगीन हून आले त्याला साठ वरसं झाली. जत्रंचा तमाशा मी एकदाबी म्होरनं बघितला न्हाय. घराच्या माळवदावरनं बत्त्या दिसायच्या आन ढोलकी ऐकू यायची. पारावर मी कवा बसले न्हाय. मला माळ म्हायती हाय तो पहाटं अंधारात तांब्या घिऊन जायाचा. तेवढाच माजा."

बाया हसल्या. मलाही हसावं लागलं. पण ती हसत नव्हती.

दुसरी एक, बचत गटाची अध्यक्ष, म्हणाली, "गुरुजी, आमची मीटिंग पावसाळ्यात कुटं घ्यायची सांगा. घरात घ्यावी तर मालक वट्यावर बसून ऐकत्यात. कुणाचा हप्ता थकला ते गावभर. आमाला भित पायजे, आन दार पायजे. लावून घ्यायला."

मी खिशातला कागद खिशातच ठेवला. ज्या मोकळेपणाचं मला एवढं कौतुक होतं तो पुरुषमाणसाचा मोकळेपणा होता. भिंत काही जणांना बाहेर ठेवते हे मला दिसत होतं. भिंत नसली की काही जणांना घरातच राहावं लागतं, हे चाळीस वर्षं शिकवूनही मला दिसलेलं नव्हतं.

म्हणजे बांधायचं हे ठरलं. पण कुठं? मास्तर माणूस, मी मोजायला निघालो. शाळेतली फीत आणि दोन पोरं घेऊन सगळ्या वस्त्यांपासून माळापर्यंतची अंतरं मोजली: गावठाण, माळीवस्ती, धनगरआळी, बौद्धवस्ती, मातंगवस्ती. सगळ्यांना सारखं अंतर पडेल अशी जागा काढायची, म्हणजे भांडण नको. कागदावर वर्तुळं काढली. उत्तर आलं ते माळाच्या बरोबर मधोमध. म्हणजे जिथं बाजार भरतो, पोरं पळतात आणि तमाशाचा बोर्ड लागतो तिथंच. तिथं इमारत ठेवली तर कुणाचंही अंतर अन्यायाचं होत नव्हतं, फक्त माळ उरत नव्हता. फीत पकडायला आलेल्या पोरांपैकी एक म्हणाला, "गुर्जी, मग आमी पळायचं कुटं? हॉलमदी?" मी फीत गुंडाळली.

आता जे सांगायचं ते मी ग्रामसभेत अर्धंच सांगितलं होतं. इथं पुरं सांगतो.

१९६७ ची जत्रा. मी दहा वर्षांचा. आबा, म्हणजे माझे वडील, जत्रेचे मुख्य पंच. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच तिथं जाऊन बोली करून सुपारी देऊन येतात. त्या वर्षी आबा आणि आणखी दोघं जाऊन मोठा फड ठरवून आले होते. गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. फडाचा ट्रक आला तेव्हा आम्ही पोरं फाट्यापासून त्याच्यामागं पळत आलो होतो.

रात्री गण झाला, गवळण झाली, वग सुरू होतोय तोच वळीव आला. वळवाचं आमच्याकडं असंच, तो येतो म्हणून सांगत नाही. आधी धुरळ्याचा लोट, मग वारं, मग टपोरे थेंब आणि लगोलग गारा. कनात फाटून आखाड्याच्या अंगाला उडाली. ग्यासबत्त्या विझल्या. लोक घोंगडी डोक्यावर घेऊन घरोघर पांगले. माळावर राहिला तो फड.

देवळाला मोठा सभामंडप आहे, दगडी. फडाची माणसं पेट्या उचलून तिकडं धावली. पायरीवर आबा कंदील घेऊन उभे. त्यांच्यामागं मी, घोंगड्याची खोळ धरून. आबांनी ढोलकीवाल्याला आत घेतलं, तुणतुणंवाल्याला घेतलं, कपड्यांच्या पेट्या घेतल्या. बायका आल्या तसा कंदील आडवा धरला. "बाप्यांनी या. बायकांना न्हाय. आत देव हाय."

चारपाच जणी होत्या. पायातल्या चाळांचा आवाज पावसात येत होता. एकीच्या काखेत पोर होतं, पदरात गुंडाळलेलं. ती म्हणाली, "पाटील, लेकरू हाय जी."

आबा काही बोलले नाहीत. कंदीलही हलवला नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि अंधारात ओढ्याच्या दिशेनं गेल्या. आत ढोलकीवाल्यानं ढोलकीला आपलं धोतर गुंडाळलं होतं. चामडं भिजलं तर सकाळची हजेरी व्हायची नाही.

सकाळी ऊन पडलं. हजेरी झाली. आबांनी मानाचा नारळ दिला तो त्याच बाईच्या हातात. तिनं वाकून घेतला. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, ना तेव्हा, ना पुढं आबा गेले तोपर्यंत.

आबा वाईट नव्हते. बहात्तरला त्यांनी पेवातला दाणा वाटला, त्यात जात बघितली नाही की भावकी बघितली नाही. खोटी साक्ष कधी दिली नाही. म्हणून तर हा प्रश्न माझ्या अंगाला चिकटून राहिला. असा माणूस काखेत लेकरू असलेल्या बाईला पावसात उभी ठेवतो, ते कसं? मला वाटतं, त्या रात्री आबांनी काही ठरवलंच नाही. त्यांच्या लेखी ठरवायचं काही नव्हतंच. देवळाची पायरी होती, तिनं ठरवलेलं होतं. आबा फक्त तिच्यावर उभे होते. आपण दारात उभं राहून कुणाला नाही म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं ही दाराची रीत. दार कुणी, कुठं, कुणाकडं तोंड करून बांधलं हे कुणी आठवत नाही. आणि आता ते बांधणाऱ्यांत मी होतो. पुढं कधीतरी कुणीतरी पायरीवर कंदील घेऊन उभा राहणार, त्याच्या वाटचं मी आज ठरवत होतो.

विठाबाई नारायणगावकर कनातीमागं बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर येऊन नाचल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. आपण ती केवढ्या अभिमानानं सांगतो! कलेची निष्ठा म्हणतो. त्या बाईला टेकायला एक खोली का नव्हती, हे विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. मीही वर्गात ही गोष्ट निष्ठेचीच म्हणून सांगत आलो.

देवळासमोरची जागा माझ्या मनातून गेली ती अशी. रस्त्यालगतची माझ्या मनात कधी नव्हतीच. गाळे पुढं आणि हॉल मागं म्हटलं की पाच वर्षांत हॉलमध्ये खताची पोती येतात.

राहिली ओढ्याकडची. तिच्या बाजूनं बोलायला मला कोल्हापूरचा दाखला सापडला. नोकरीत असताना शिबिराला गेलो की मी खासबागेत चक्कर टाकायचो. शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीचं खासबाग मैदान उभं केलं आणि त्याला लागूनच १९१५ साली नाट्यगृह बांधलं. तेव्हाचं पॅलेस थिएटर, पुढं त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. इकडं तांबड्या मातीत पैलवान, तिकडं रंगभूमीवर नट, पाठीला पाठ लावून. आखाड्याशेजारी रंगमंच शोभत नाही असं म्हणणाऱ्याला यापेक्षा मोठं उत्तर काय द्यायचं? (ऑगस्ट २०२४ मध्ये ते नाट्यगृह आगीत जळालं. टीव्हीवर ज्वाळा बघताना मला घरचं कोणी गेल्यासारखं झालं. पण हे नंतरचं.)

२६ जानेवारी २०१६. झेंडावंदन झालं आणि माळावरच ग्रामसभा बसली. कोरमला शंभर माणूस लागतं, त्या दिवशी तीनशेच्यावर होतं. देवळासमोरच्या बाजूनं बरेच जण बोलले. एक म्हणाला, "सांस्कृतिक म्हंजी कीर्तन, हरिपाठ, पारायण. ते देवाम्होरंच पायजे." मग ओढ्यापलीकडचा माझा वर्गमित्र उठला. एसटीत कंडक्टर होता म्हणून गाव त्याला कंडक्टरच म्हणतं. तो म्हणाला, "देवाम्होरं बांधा. आमचं काय म्हन्नं न्हाय. फक्त मग आमाला वस्तीत येगळं समाजमंदिर द्या. म्हंजी तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी." हे तो शांतपणे म्हणाला, पण पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मानी खाली गेल्या. मागं मातंगवस्तीतला हलगीवाला बसला होता. छबिन्यापुढं त्याची हलगी वाजल्याशिवाय पालखी हलत नाही, आणि पालखी आत गेली की तो बाहेर. तो काही बोलला नाही. त्याच्याकडं एकदोघांनी बघितलं मात्र.

मी उठलो. कोल्हापूरचं सांगितलं. आणि मग म्हणालो, "एका जत्रेत वळीव आला. फडातल्या बायांना देवळात जागा मिळाली नाही. एकीच्या काखेत लेकरू होतं. आता आपण बांधतोय ते असं बांधू, की असा पाऊस आला तर कुणाला विचारायला लागू नये." कुठली जत्रा ते सांगितलं नाही. कंदील कुणाच्या हातात होता तेही नाही. माझा थोरला भाऊ दुसऱ्या रांगेत बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. त्या रात्री तोही देवळातच होता.

हात वर झाले. बायांचे हात जास्त होते, आणि काकीचा सगळ्यात आधी. ओढ्याकडची जागा मंजूर झाली.

सभा उठल्यावर कंडक्टर माझ्याबरोबर चालत आला. बराच वेळ काही बोलला नाही. पाराजवळ आल्यावर म्हणाला, "चांगलं बोललास. पर निम्मंच बोललास."

मी म्हणालो, "आबांचं नाव घ्यायला नको वाटलं."

"आबांचं न्हाय रं. त्या बाया ओढ्याकडं गेल्या म्हनालास. फुडं कुटं गेल्या?"

मला खरंच माहीत नव्हतं. एकोणपन्नास वर्षांत मी तो प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. माझ्या आठवणीत त्या अंधारात जात आणि तिथंच संपत.

"आमच्या घरात," तो म्हणाला. "वढ्याला पानी यायच्या आत बा त्येंना पल्याड घिऊन आला. एक खोली हुती आमची. आमी आठ जन आन त्या पाच. आयनं चूल पेटवली. त्या लेकराला माज्याच अंथरुणात घातलं. मी रातभर बसूनच हुतो." मग हसून म्हणाला, "तू सभेत सांगितलंस ते कसं झालं म्हाईत हाय का? गावानं एकदा दार लावलं, आता गाव दार उघडतंय. दोन्ही गावच. आरं, दार त्याच राती उघडलं हुतं की. ते तुमच्या हिशेबात न्हाय."

मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही. आबांची लाज झाकण्यासाठी मी अर्धी गोष्ट सांगितली असं मला वाटत होतं. पण माझ्याकडं गोष्टच अर्धी होती. आणि ती पुरी करायला जावं लागेल ते घर माझ्या घरापासून अडीचशे पावलांवर होतं. फितीनं मी ते अंतर नुकतंच मोजलं होतं.

भवन बांधलं गेलं. हॉलचं दार माळाकडं, स्टेजची पाठ ओढ्याकडं, आणि मागच्या खोल्यांना वेगळं दार, म्हणजे कलावंतांना लोकांतून जावं लागू नये. हे माझ्या हट्टानं झालं. पत्रा घातला, स्लॅबला पैसे पुरले नाहीत. चैत्रात दुपारी आत भट्टी पेटते. तोंड पश्चिमेला आल्यामुळं चारनंतर ऊन थेट स्टेजवर येतं आणि हरिपाठवाले डोळे बारीक करून गातात. या चुका माझ्याच आहेत, कारण दारापलीकडं मी दुसरा विचार केला नव्हता.

आणखी एक चूक आहे, तिला चूक म्हणावं की आणखी काही, ते मला ठरवता आलेलं नाही. काम चालू असताना, मे महिन्याच्या अखेरीला, मेंढके कोकणातून परत आले. त्यांची वाडा टाकायची जागा ओढ्याकडची. तिथं थोडी हिरवळ टिकते आणि पाणी जवळ. तिथं आता खांब उभे होते आणि वाळूचे ढीग. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं, पुढं एक म्हातारी, मागं मेंढरं. तिनं खांबांकडं बघितलं. मी तिथंच होतो. म्हणालो, "आजी, वरच्या अंगाला बसा की." ती म्हणाली, "वर पानी कुटं हाय, बाबा." आणि घोडा वळवला. भांडली नाही, कुणाला काही विचारलंही नाही. त्या वर्षी ते आमच्या गावात थांबले नाहीत, पुढं गेले. त्यानंतर एखाद्या वर्षी थांबतात, एखाद्या वर्षी नाही.

आम्ही जानेवारीत ग्रामसभा घेतली. जानेवारीत ती माणसं कोकणात असतात. आमच्या मतदारयादीत त्यांची नावं नाहीतच. तीनशे माणसांत कुणालाही, अगदी धनगरआळीतल्या माणसांनाही, त्यांची आठवण झाली नाही. मी सगळ्या वस्त्यांची अंतरं मोजली होती. ही वस्ती वर्षातून दोनदा येऊन उठते, तिचं अंतर कुठून मोजणार? असं म्हणून मी स्वतःची समजूत काढतो. पण त्या म्हातारीनं ज्या पद्धतीनं घोडा वळवला ती पद्धत मला ओळखीची होती. ते वळणं मी १९६७ साली एकदा पाहिलं होतं. फरक एवढाच की या वेळी खोळ धरून कुणाच्या मागं उभा नव्हतो.

हॉलची चावी कुणाकडं, यावर दोन ग्रामसभा गेल्या, त्याचं वर्णन करत बसत नाही. सध्या ती बचत गटाकडं आहे. एक जादा चावी कंडक्टरच्या घरी खिळ्याला असते, कारण त्याचं घर सगळ्यात जवळ. हे असं लेखी कुठं नाही. चाललंय.

२०१८ च्या जत्रेला आम्ही पुन्हा फड आणला. मी पंचात होतो. पाऊस नव्हता; उलट अंग भाजून काढणारा उन्हाळा. फडातल्या बायांना मागच्या खोल्या दिल्या. मी स्वतः झाडून घेतल्या होत्या, पाण्याचा पिंप भरून ठेवला होता, आरसा टांगला होता. खरं सांगायचं तर, मला शाबासकी हवी होती. कुणीतरी म्हणावं, बरं केलंत गुरुजी.

रात्री तमाशा झाला. काकी पुढं खुर्चीवर बसून होती, शेजारी बायांची मोठी रांग. काकीला वग आवडला नाही. "माळवदावरनं बरा वाटायचा," म्हणाली.

तमाशा संपल्यावर बघितलं तर फडातल्या बाया खोल्या सोडून ट्रकच्या शेजारी अंथरुणं टाकत होत्या. मी त्यांच्यातल्या एका वयस्क बाईला विचारलं, "ताई, आत का नाही? उकडतंय म्हणून का?"

"उकडायचं काय, गुरुजी, सवय हाय," ती म्हणाली. "खोल्या चांगल्या हायत. आरसा बी लावलाय तुमी. पर दाराला आतनं कडी न्हाय."

मी बॅटरी घेऊन जाऊन बघितलं. दोन्ही खोल्यांच्या दारांना बाहेरून भक्कम कोयंडा होता, कुलूप लावायला. आतून काहीच नव्हतं. दोन वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दारं सुतारानं केली, बिल मी तपासलं होतं.

सकाळी हजेरी व्हायच्या आधी मी सायकल काढली आणि फाट्यावर गेलो. हार्डवेअरचं दुकान उघडायला अजून तासभर होता. मी पायरीवर बसून राहिलो. दुकानदार आला, कुलूप काढता काढता म्हणाला, "काय गुरुजी, एवढ्या सकाळी?"

"दोन कड्या पायजेत," मी म्हणालो. "आतून लावायच्या. आणि स्क्रू लांबीचे दे."